तायडे मॅडमचं नाव

दुपारचे अडीच वाजले आहेत. जेवण उरकलंय, ओटा पुसून झालाय, आणि मी पुढच्या खोलीतल्या दिवाणावर आडवी झाले आहे. उजव्या हातात पेन आणि डाव्यात उद्याच्या भाषणाचा कागद आहे. त्यावर एकच शब्द लिहिलाय, 'सन्माननीय'. पौषातलं ऊन खिडकीतून पायांवर आलंय. झोपायचं नाही, नुसतं पडायचं, असं मी स्वतःला बजावते. पाचच्या आत तहसीनला फोन करून उद्या येणं जमणार नाही असं सांगायचंय. कारणही ठरवून ठेवलंय. अंगात कणकण आहे म्हणणार.

उद्या इथे अमरावतीत आमच्या महिला पत्रकारांच्या संघटनेचा कार्यक्रम आहे. एका सरकारी खात्याच्या विभागप्रमुखपदी पहिल्यांदाच बाई आली आहे, लीना उईके. त्यांचा सत्कार. तहसीन देशमुख ही संघटनेची अध्यक्ष आणि माझी तीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिचं म्हणणं, मुख्य भाषण अचला धर्माळेनंच करायचं, कारण या खुर्चीबद्दल पहिली बातमी तिनं लिहिली होती. अचला धर्माळे म्हणजे मी. बातमी मी लिहिली हे खरं. पण त्या बातमीपायी काय झालं ते तहसीनला अर्धंच ठाऊक आहे.

शेजारच्या वहिनींचं शिलाई मशीन चालू आहे. खडखड, जरा थांबतं, पुन्हा खडखड. डोळे मिटतात. मशीन हळूहळू टेलिप्रिंटर होतं. कधी झालं ते कळत नाही. कागदाची पट्टी टेबलावरून खाली लोळते आहे आणि मी आमच्या जुन्या दैनिकाच्या संपादकीय खोलीत उभी आहे. दिवाणावरची उशी अजून गालाखाली आहे, तरी मी उभी आहे. याचं मला नवल वाटत नाही.

उपसंपादकाच्या खुर्चीवर प्रभावती तायडे बसल्या आहेत.

त्या गेल्या वर्षी मार्चमध्ये वारल्या. अकोल्याला, मुलाच्या घरी. मी पेपरात चार ओळी वाचल्या आणि पान उलटलं. भेटायला गेले नाही, पत्रही लिहिलं नाही. आणि आता त्या माझ्यासमोर बसल्या आहेत, सत्तेचाळीस वर्षांच्या, मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा होत्या तशा. निळ्या काठाची पांढरी सुती साडी, घड्याळ उजव्या मनगटावर, चष्मा नाकावर जरा खाली. हातात माझ्या बातमीचं प्रूफ आहे.

"बसा," त्या म्हणतात. मग चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहतात. "बस. आता तू माझ्याहून म्हातारी दिसतेस."

मी बसते. माझे गुडघे सत्तावन्न वर्षांचेच आहेत, बसताना वाजतात.

ते प्रूफ कशाचं आहे ते मला न वाचताच कळतं. साल शहाण्णव. शहरातल्या चार दैनिकांत मिळून आम्ही पाच मुली होतो. फुलांची प्रदर्शनं, शाळांची स्नेहसंमेलनं आणि पाककृती, एवढंच आमच्या वाट्याला यायचं. तहसीनच्या डोक्यात आलं की सरकारी दूरध्वनी पुस्तिका घ्यायची आणि प्रत्येक खात्याच्या वरच्या जागांवर किती बायका आहेत ते मोजायचं. आम्ही मोजलं. एका हाताची बोटं पुरली आणि वर उरलीही. मग चारही दैनिकांत दर बुधवारी एकाच नावाचं सदर सुरू झालं, 'कुणाची खुर्ची'. एकेका आठवड्याला एकेक खातं. ही जागा कधी रिकामी झाली, नियमानं कुणाला मिळायला हवी, मिळाली कुणाला. सुरुवातीला लोक हसले. दोन महिन्यांनी खात्याखात्यांतून आम्हाला फोन येऊ लागले.

तायडे मॅडमच्या खात्याची पाळी माझ्याकडे आली. त्या सहसंचालक होत्या. त्यांच्या वरची विभागप्रमुखाची जागा सात महिने रिकामी होती. सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्या पहिल्या, आणि कार्यभार मात्र त्यांच्याहून चार वर्षांनी कनिष्ठ असलेल्या एका गृहस्थांकडे दिलेला. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी सगळी माहिती दिली. चहा दिला. आणि एकच गोष्ट मागितली. बातमी पदाबद्दल लिहा, माझं नाव नको. माझी फाइल मंत्रालयात आहे, नाव आलं तर ती तिथेच बसेल.

मी हो म्हटलं.

आता त्या प्रूफ माझ्याकडे सरकवतात. बातमी जशीच्या तशी आहे, फक्त तिसऱ्या परिच्छेदात नावाच्या जागी कोरं सोडलंय. त्या आपलं पेन माझ्या पुढ्यात ठेवतात.

"भर," त्या म्हणतात.

मी पेन उचलते. ते फार जड आहे. टेलिप्रिंटर थांबला आहे. त्या वाट पाहतात, रागावलेल्या दिसत नाहीत, घाईतही नाहीत. कार्यालयात अर्ज घेऊन आलेल्या माणसासमोर बसायच्या तशा बसल्या आहेत.

"नाव मीच घातलं होतं," मी म्हणते.

तीस वर्षांत हे मी मोठ्यानं कधी म्हटलेलं नाही. बातमी पान लागायच्या वेळी पुढे गेली होती, आणि डेस्कवरून कुणीतरी विचारलं, कोण ही बाई, नाव नसेल तर ही बातमी कसली. मी सत्तावीस वर्षांची होते. पहिल्या पानावर माझी बातमी कधी आली नव्हती, आणि ही तिथे लागणार होती. मी नाव सांगितलं. कुणी माझ्याकडून काढून घेतलं नाही. मी उभी राहिले आणि सांगितलं.

बाराव्या दिवशी त्यांची बदली झाली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षण केंद्रावर, जिथे जायला कुणी तयार नसायचं. ती खुर्ची त्यांना कधीच मिळाली नाही. मी त्यांना पत्र लिहिलं. त्यात लिहिलं की नाव डेस्कवर घातलं गेलं, माझ्या नकळत. उत्तरादाखल एक पोस्टकार्ड आलं. 'पत्र मिळाले', एवढे दोनच शब्द.

"पत्रात मी तुम्हाला खोटं लिहिलं," मी म्हणते.

"माहीत आहे मला."

"कसं?"

"'नाव मी घातलं नाही' असं तू तीनदा लिहिलं होतंस. एकदाच लिहिलं असतंस तर माझा विश्वास बसला असता."

त्या किंचित हसतात. मला रडू येईल असं वाटतं, पण येत नाही. त्याऐवजी पेन हलकं होतं.

त्या उठतात आणि चालू लागतात, मी मागे. संपादकीय खोलीचं दार उघडलं की सरकारी कार्यालयाचा व्हरांडा लागतो. लांबच लांब, भिंतीला पिवळा रंग, लोखंडी कपाटं, कपाटांवर दोरीनं बांधलेले फाइलींचे गठ्ठे. कपाटांच्या मधून कुठेकुठे माझ्या घरातली खिडकी दिसते, तेच ऊन. मॅडमच्या चपलांचा आवाज येत नाही. त्या आपल्या जुन्या खोलीचं दार ढकलतात.

टेबलावर काय काय दिसतंय ते सांग, असं त्या मला म्हणतात. मी सांगू लागते. फाइली. काचेचा पेपरवेट. पाण्याचा ग्लास, वर झाकण. टाचण्यांची डबी. टेलिफोन.

"काय म्हटलंस?"

"टेलिफोन."

"तुले यादी हातात देऊन मी त्या दिवशी फोन कराले कुठं गेली होती?"

आतापर्यंत त्या माझ्याशी पुस्तकी मराठीतच बोलल्या होत्या. नोकरीत त्यांनी ती पांघरलेली होती, आता काढून ठेवली आहे. आणि मला आठवतं. सेवाज्येष्ठतेची यादी त्यांनी माझ्या हातात दिली होती, जरा धरा, एक फोन करून येते म्हणाल्या होत्या, आणि शेजारच्या खोलीत गेल्या होत्या. पाव तास आल्या नव्हत्या. तेवढ्यात मी घाईघाईनं सगळी यादी वहीत उतरवून घेतली. त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, रुजू झाल्याची तारीख, सगळं. पुढे कितीतरी वर्षं तो पाव तास मला चोरीसारखा वाटत राहिला. फोन तर त्यांच्या टेबलावरच होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही मुद्दाम गेलात?"

त्या खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल नीट करतात.

"मले नाही माहीत," त्या म्हणतात. "एक मन म्हणत होतं, नाव नको. दुसऱ्या मनानं यादी तुझ्या हातात देली. पाव तास मी त्या खोलीत उभीच होती. फोन कोणालेच केला नाही. तू ऐकलं नाहीस ती चूक तुझी. पण नुसती तुझीच होती असं काऊन धरून बसली तू?"

व्हरांड्याच्या टोकाला पायऱ्या आहेत. आम्ही उतरतो आणि एका अंगणात येतो. विहीर आहे, तिच्यावर लोखंडी जाळी, बाजूला दोन खोल्या. हे त्यांचं प्रशिक्षण केंद्र. मी ते कधी पाहिलेलं नाही, म्हणून ते माझ्या प्राथमिक शाळेसारखं दिसतं. घंटासुद्धा तीच आहे, रुळाचा तुकडा तारेनं टांगलेला.

मी त्यांना विचारते की इथे फार त्रास झाला का. त्या खोटं सांगत नाहीत. राग आला होता म्हणतात. पहिलं वर्षभर रोज सकाळी माझं नाव आठवायचं आणि चहा कडू लागायचा. केंद्रात कपाट नव्हतं, टंकलेखक नव्हता, पावसाळ्यात छत गळायचं. दर तीन महिन्यांनी नव्या कर्मचाऱ्यांची तुकडी यायची. त्यांना टिपणी कशी लिहायची, नियम कुठे शोधायचा, वरिष्ठाला लेखी हरकत कशी घ्यायची, हे त्या शिकवायच्या. पहिल्या तुकडीत दोनच मुली होत्या. त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. मॅडमनी त्यांना पुढे बसवलं आणि तेव्हापासून पुढचा बाक मुलींचा, असं ठरवून टाकलं.

"मग राग गेला?"

"बदलीचा गेला. दुसरा राहिला."

"दुसरा कसला?"

"बुधवारचा पेपर मी इथंही मागवत होती. सदर यायचं. तहसीनचं नाव असायचं, बाकीच्या पोरींची नावं असायची. तुझं नसायचं." त्या विहिरीच्या कट्ट्यावर टेकतात. "थांबलीस काऊन वं तू?"

मी का थांबले, हे त्या इतक्या साधेपणानं विचारतात की मला लपवायला जागा उरत नाही. बातमीनंतर महिन्याभरात मी पुरवणीकडे बदली मागून घेतली होती. पाककृती, दिवाळी अंक, घरगुती उपाय. तहसीन चिडली, मग गप्प झाली. मी तिला सांगितलं की आई आजारी असते, बाहेर फिरणं जमत नाही. आई ठणठणीत होती. आमच्या सदरामुळे पुढच्या काही वर्षांत तीन जागांवर बायका आल्या, आणि तिन्ही वेळा मी पेढे खाल्ले आणि घरी येऊन झोपले.

मी म्हणते, "मला वाटलं, मी लिहिलं की कुणाचं तरी वाईट होतं."

"एवढी मोठी समजतेस का स्वतःले?"

त्या विहिरीच्या कट्ट्यावर टेकल्या होत्या. आता तो माझ्या स्वयंपाकघरातला ओटा आहे. त्यांच्यासमोर मेथीची जुडी आहे आणि त्या पानं खुडताहेत. मीही खुडू लागते. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. मग त्या सांगतात की माझ्या पाककृतीही त्यांनी करून पाहिल्या. भरल्या वांग्यात मी गूळ फार सांगते, तेवढा वऱ्हाडात कुणी घालत नाही. मी कबूल करते. ती पाककृती मी दुसऱ्या एका अंकातून उचलली होती. या कबुलीवर त्या मोठ्यानं हसतात. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, कार्यालयात तर नाहीच.

पानांची रास वाढत जाते. ती बाजूला करावी म्हणून मी मान वर करते तर आम्ही विभागप्रमुखाच्या दालनात आहोत. मोठं टेबल, उंच पाठीची खुर्ची, आणि तिच्यामागे भिंतीवर तो फलक, आजवर या पदावर बसलेल्या अधिकाऱ्यांची नावं आणि कार्यकाळ. काळ्या लाकडावर पांढरी अक्षरं. नावं भरलेल्या ओळींच्या खाली रिकाम्या ओळी आहेत, पुढे येणाऱ्यांसाठी.

"जवळ जाऊन पाहा," मॅडम म्हणतात.

मी जाते. रिकाम्या ओळी अगदी रिकाम्या नाहीत. पेंटरनं प्रत्येक ओळीत अनुक्रमांक घातलाय आणि त्यापुढे 'श्री.' लिहून ठेवलंय. शेवटच्या ओळीपर्यंत. आणखी पन्नास वर्षं पुरतील इतके श्री.

"वीस वर्षं हे पाहात होती मी," त्या म्हणतात. "बैठकीला याच्यासमोरच बसा लागे. साहेब बोलत राहायचे आणि मी हे मोजत राहायची."

मी बोटानं एक 'श्री.' पुसून पाहते. रंग ओला आहे. पुसला जातो. बोटाला पांढरं लागतं. मी त्यांच्याकडे पाहते, त्या मान हलवतात, आणि मी पुढचा पुसते, मग त्याच्या पुढचा. खालच्या ओळींसाठी वाकावं लागतं. गुडघे वाजतात. मॅडम मागे उभ्या राहून सगळं पाहताहेत आणि मला कसलीच भीती वाटत नाही.

उद्या काय बोलणार, असं त्या विचारतात.

मी उद्या जाणारच नाही, असं सांगायला मी तोंड उघडते आणि भलतंच बोलून जाते. उभी राहून त्यांना सगळं सांगते, अहवाल वाचून दाखवावा तसं. उद्या आधी लीना उईकेंचं अभिनंदन करीन. मग म्हणेन की या खुर्चीवर तीस वर्षांपूर्वी एका बाईचा हक्क होता. त्यांचं नाव प्रभावती तायडे. ते नाव मी तेव्हा त्यांनी नको म्हटलेलं असताना छापलं, त्याची किंमत त्यांनी मोजली, आणि मी त्यांना खोटं पत्र लिहिलं. हेही सांगेन. आमच्या सदरात माझ्याऐवजी कुणी कुणी लिहिलं, त्या चौघींची नावं घेईन. आणि समोर ज्या नव्या मुली बसलेल्या असतील त्यांना सांगेन की नाव छापायच्या आधी विचारा, आणि चूक झाली तर कबूल करा, पण लिहिणं सोडू नका.

"एवढंच," मी म्हणते. "नाव घेऊ का मॅडम? या वेळी विचारते आहे."

त्या माझ्याजवळ येतात. आता त्या सत्तेचाळीसच्या नाहीत. केस पांढरे आहेत, पेपरातल्या चार ओळींबरोबरच्या फोटोत होत्या तशा. त्या माझा डावा हात आपल्या हातात घेतात आणि तळवा उघडतात. त्यांची बोटं गार आहेत, मेथीचा वास येतोय. तळव्यावर काहीतरी टोकदार फिरतं. गुदगुल्या होतात. मी हात मागे घेत नाही. काय लिहिलं ते पाहायला जाते तेवढ्यात त्या माझी मूठ मिटवतात, आणि टेलिप्रिंटर पुन्हा सुरू होतो, खडखड, जरा थांबतो, पुन्हा खडखड.

शेजारच्या वहिनींचं शिलाई मशीन आहे. ऊन भिंतीवर गेलंय. साडेचार झालेत.

मी बराच वेळ छताकडे पाहात पडून राहते. उशी ओली आहे, म्हणजे रडले असणार, पण छातीत जड वाटत नाही. स्वप्न माझंच होतं, हे मला कळतं. माफी मागणारी मी आणि देणारीही मीच असेन. तरी तो टेलिफोन खरा होता. काळा, गोल तबकडीचा, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात. तो मी जागेपणीही आठवून पाहते. तिथेच आहे.

उजव्या हातानं मोबाइल घेते आणि तहसीनला फोन लावते. नावाचं, पत्राचं सगळं सांगते, अगदी सुरुवातीपासून, मध्ये न थांबता. ती ऐकून घेते. मग म्हणते की तिला बरीच वर्षं तसा संशय होता, पण मी सांगावं म्हणून ती थांबली होती. आवाज जरा दुखावलेला आहे. मग ती विचारते, "उद्या येतेस ना?" येते, म्हणते मी. अकराच्या आधी ये, माइक बिघडलेला असतो, असं सांगून ती फोन ठेवते.

उठताना चादरीवर हात टेकवते तेव्हा पेन टोचतं. टोपण निघालंय, चादरीवर शाईची निळी रेघ उमटली आहे. भाषणाचा कागद दिवाणाखाली पडलाय, 'सन्माननीय'पुढे अजून कोराच. मूठ मिटलेलीच राहिली होती. ती मी आता उघडते.

तळव्यावर निळ्या शाईत एक शब्द आहे. आधी वाचता येत नाही, कारण तो उलटा आहे, माझ्या समोर बसलेल्या माणसानं लिहावा तसा. मी खिडकीशी जाते, कोपर वळवून हात उलटा धरते. सरकारी फाइल सगळ्या टेबलांवरून फिरून वर पोचली की शेवटी, सहीच्या वर, जो शब्द लिहितात, तोच आहे.

मान्य.